‘ती काय, खंबीरच आहे’ : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया, ताण आणि खाणं

अमेरिकेतल्या किराणा दुकानांत पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर शंभराहून जास्त वर्षं एका कृष्णवर्णीय बाईचा हसरा चेहरा होता. ब्रँडचं नाव ‘आंट जेमायमा’. हे नाव १८८९ साली आलं. पुढे १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात गुलामीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन यांना ‘आंट जेमायमा’ बनवून उभं केलं. काम काय, तर पॅनकेक भाजायचे, वाढायचे आणि जुन्या दक्षिणेतले, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले गुलामीच्या काळातले दिवस किती छान होते याच्या गोष्टी सांगायच्या. गुलामीत जन्मलेल्या बाईने! ग्रीन १९२३ मध्ये गेल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०२० साल उजाडलं. त्याच वर्षी कंपनीने हे नाव आणि चेहरा बाजारातून काढून घेण्याचं जाहीर केलं.

आरोग्यावरच्या लेखात पिठाचं खोकं कशाला, असं वाटेल. पण त्या चेहऱ्याकडे जरा नीट बघा. ही बाई सगळ्यांना खाऊ घालते, दमत नाही, चिडत नाही. तिला मूल आहे का, तिचं स्वतःचं घर आहे का, ती जेवली का, हे कुणी विचारलेलं नाही. आजच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीकडून घरीदारी जी अपेक्षा असते, तिचं मूळ इथवर जाऊन पोचतं.

आता आकडे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पाहणीत २०१७-१८ साली प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जवळपास ५७ टक्के लठ्ठ या गटात होत्या. गोऱ्या स्त्रियांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. रक्तदाब आणि मधुमेह या दोन्हींचा भार कृष्णवर्णीय स्त्रियांवर जास्त आहे आणि रक्तदाब लवकर गाठतो. यावर ठरलेलं स्पष्टीकरण तयारच असतं : तळलेलं खातात, व्यायाम करत नाहीत, त्यांना माहिती नाही, पैसा नाही. यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येऊच. पण हे स्पष्टीकरण एक प्रश्न टाळतं. माणूस पोट भरलेलं असताना, वाईट आहे हे ठाऊक असताना, रात्री एकटाच बसून का खातो? गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं संशोधन वाचताना मला जे दिसतं ते असं : यातल्या अनेकींसाठी खाणं हे ताणावरचं औषध झालं आहे, कारण बाकीची औषधं वापरायची मुभाच त्यांना नाही. रडायची नाही, चिडायची नाही, ‘मला जमत नाही’ म्हणायची तर नाहीच.

ही मुभा कोणी काढून घेतली? साच्यांनी, म्हणजे एखाद्या गटाबद्दल लोकांच्या डोक्यात बसलेल्या ठरावीक प्रतिमांनी. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९९० साली या साच्यांची व्यवस्थित मांडणी केली आणि दाखवलं की ही नुसती टवाळी नसते, माणसाला जागेवर ठेवायची ती साधनं असतात. पहिला साचा ‘मॅमी’चा : मालकाच्या घरात राबणारी, मालकाच्या मुलांवर स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त माया करणारी, जाडजूड, समाधानी दाई. खोक्यावरची बाई ती हीच. दुसरा साचा कजाग बाईचा. एका जुन्या रेडिओ मालिकेतल्या पात्रावरून त्याला ‘सफायर’ नाव पडलं. आज लोक सरळ ‘अँग्री ब्लॅक वुमन’ म्हणतात. तिसरा ‘जेझबेल’, म्हणजे वासनेने भरलेली बाई. गुलामीच्या काळात मालकांनी केलेल्या बलात्कारांवर पांघरूण घालायला हा साचा फार कामाला आला. चौथा त्या मानाने नवा : सरकारी मदतीवर चैन करणारी ‘वेल्फेअर क्वीन’. १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी अशा एका बाईची गोष्ट गावोगावी सांगितली आणि ती प्रतिमा लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

या चारांची व्यवहारातली गंमत बघा. (गंमत म्हणायचं एवढंच.) मीटिंगमध्ये आवाज जरा चढला, की दुसरा साचा लागू. आजारपणाची रजा मागितली, की चौथा. नीटनेटके, अंगासरशी कपडे घातले तर तिसरा. निमूटपणे सगळ्यांचं केलं, तर पहिला, आणि तो मात्र सगळ्यांना चालतो. म्हणजे दिवसभर एक हिशेब डोक्यात चालू : मी आत्ता कशी दिसते आहे?

या साच्यांना उत्तर म्हणून कृष्णवर्णीय समाजाने आपल्या बायकांसाठी स्वतःची एक प्रतिमा घडवली. ‘स्ट्राँग ब्लॅक वुमन’, खंबीर बाई. ती कशानेही मोडत नाही. नवरा तुरुंगात असो, नोकरी जावो, पोरगं आजारी असो, ती उभी असते. ही प्रतिमा बाहेरून लादलेली नाही, आईने मुलीला प्रेमाने दिलेली आहे. गुलामीतून आणि नंतरच्या उघड वंशभेदाच्या काळातून जी कुटुंबं तगली, ती या बायकांच्या जोरावर. त्यामुळे तिच्याबद्दल अभिमान आहे आणि तो रास्त आहे. घोळ असा की अभिमानाबरोबर सक्तीही आली.

नर्सिंगच्या प्राध्यापक शेरिल वुड्स-गिस्कोंबे यांनी नॉर्थ कॅरोलिनात वेगवेगळ्या वयांच्या आणि शिक्षणांच्या ४८ कृष्णवर्णीय स्त्रियांना छोट्या गटांत बसवून बोलतं केलं आणि २०१० साली त्यातून निघालेलं मांडलं. त्यांनी त्याला ‘सुपरवुमन’ची चौकट म्हटलं. तिचे पैलू पाच : खंबीर दिसलंच पाहिजे, भावना दाबल्या पाहिजेत, कुणावर अवलंबून राहायचं नाही, हाताशी काही नसलं तरी यश मिळवायचंच, आणि सगळ्यांना मदत करायची. या बायकांनी फायदेही सांगितले, कुटुंब टिकलं, समाज टिकला. तोटे सांगताना मात्र पुन्हा पुन्हा तीन गोष्टी आल्या. नात्यांत ओढाताण, शरीरात मुरलेला ताण, आणि स्वतःची काळजी घेणं सतत पुढे ढकलणं. डॉक्टरकडे जाणं पुढे, झोप पुढे. मन शांत करायला खाणं मात्र त्याच दिवशी.

हे रोजच्या आयुष्यात कसं दिसत असेल? समजा, अटलांटात एका वृद्धाश्रमात काम करणारी पंचेचाळिशीची मदतनीस आहे. बारा तासांची पाळी. सकाळी एका आजोबांचा मुलगा येतो आणि तिच्याशी न बोलता तिच्यामागच्या गोऱ्या सहकारी बाईला विचारतो, “आज बाबांचं काय?” आजोबांना आंघोळ हिनेच घातलेली असते. ती हसते. दुपारी सुपरवायझर सांगते की तुझा ‘टोन’ जरा सांभाळ. ती पुन्हा हसते. जेवणाच्या सुट्टीत आईच्या इन्सुलिनसाठी विमा कंपनीला फोन, होल्डवर वीस मिनिटं, सुट्टी संपली. संध्याकाळी बहिणीच्या मुलांना शाळेतून पुढच्या ठिकाणी सोडायचं, मग चर्चची समिती. रात्री साडेनऊला गाडी ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत. खिडकीतून कागदी पिशवी हातात येते आणि ती तिथेच पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून, फ्राइज खाते. गरम, खारट. दहा मिनिटं कुणी तिला काही मागत नाही. घरी जायच्या आधी ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकते, कारण घरच्यांनी बघितलं तर प्रश्न येतील. बाई काल्पनिक आहे, पण लपवून, उशिरा, एकटीने खाण्याचा हा नमुना संशोधकांना अशा मुलाखतींत वारंवार भेटला आहे.

आता शरीराच्या आत काय चालतं ते पाहू, कारण इथे ‘मनाचा खेळ’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना देते, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. त्याआधी काही क्षणांतच अ‍ॅड्रिनलिन उसळलेलं असतं : छाती धडधडते, भूक मरते. अ‍ॅड्रिनलिन लवकर ओसरतं. कॉर्टिसॉल रेंगाळतं, आणि त्याचं एक काम म्हणजे खर्च झालेली ऊर्जा भरून काढायला लावणं. म्हणून भूक लागते, तीही साखरेची आणि चरबीची. ऊर्जा साठवायची ती पोटाच्या आतल्या भागात, जिथली चरबी पुढे रक्तवाहिन्यांना आणि साखरेच्या नियंत्रणाला सर्वांत जाचते. वाघ मागे लागला आणि आपण सुटलो, तर ही व्यवस्था उत्तम आहे. पण धोका रोजचाच असेल तर? घरावरची टाकी भरली की मोटर बंद व्हायला हवी. बंद करणारं बटणच झिजलं तर मोटर चालत राहते, पाणी वाहत राहतं आणि एक दिवस मोटरही जळते. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. रक्तदाब, कंबरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल, सूज दाखवणारी काही रसायनं अशी मापं एकत्र करून शरीर ताणाखाली किती वाकलं आहे याचा अंदाज त्यातून घेतात.

याच साखळीतला एक तुकडा खाण्याशी थेट जोडलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत मेरी डॉलमन यांनी उंदरांवर प्रयोग केले. सतत ताणाखाली असलेल्या उंदरांना साखर आणि डुकराची चरबी खायला मिळाली, तर त्यांच्या शरीरातली ताणाची यंत्रणा थोडी थंडावते. त्यांचा लेख २००३ साली आला. म्हणजे गोडधोड, तळलेलं खाऊन ‘बरं वाटतं’ हे निव्वळ जिभेचं म्हणणं नाही. खरंच बरं वाटतं. वजन वाढवून मिळालेलं बरं, पण बरंच.

मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांनी हाच धागा माणसांपर्यंत आणला. त्यांच्यापुढे एक कोडं होतं. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आयुष्यात ताण जास्त, तरी पाहण्यांमध्ये त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी दिसतं. शरीराचे आजार मात्र जास्त. हे कसं? २०१० साली जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की खाणं, सिगारेट, दारू हे जे उपाय वस्तीत सहज हाताला लागतात, ते मनाला वाचवतात आणि बिल शरीराच्या नावावर फाडतात. त्यांच्या आकडेवारीत अशा सवयी असलेल्या, ताणाखालच्या कृष्णवर्णीय लोकांत नैराश्य कमी निघालं, गोऱ्यांत उलट. नंतरच्या काही अभ्यासांत चित्र इतकं स्वच्छ आलं नाही, हेही सांगायला हवं. तरी मला ही कल्पना महत्त्वाची वाटते, कारण ती ‘यांना कळत नाही’ या सुराला छेद देते. ‘हे सोडा’ म्हणणाऱ्याने ‘त्या जागी काय देणार’ हे सांगायला हवं.

बरं, हा ताण पैशाचा आहे की वंशाचा? गरिबी आणि वंशभेद अमेरिकेत इतके गुंतलेले आहेत की वेगळे काढणं अवघड. पण काही ठिकाणी ते वेगळे दिसतात. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ साली ‘वेदरिंग’ची मांडणी केली : ऊन-वारा खाऊन लाकूड जसं विरतं तसं सततच्या अन्यायाने शरीर वयाआधी जुनं होतं. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पाहणीतले आकडे घेऊन अ‍ॅलोस्टॅटिक लोड मोजला. सर्वांत जास्त भार कृष्णवर्णीय स्त्रियांवर निघाला, आणि तो गरिबीने पुरता उलगडला नाही. गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे आकडेही वाईटच होते. २०१० च्या आणखी एका अभ्यासात पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांच्या पेशींतले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, मोजली. त्यावरून अंदाज निघाला की कृष्णवर्णीय स्त्रिया त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जैविकदृष्ट्या सुमारे साडेसात वर्षं म्हाताऱ्या आहेत.

पैसा आणि कीर्ती दोन्ही असलेलं ठळक उदाहरण सेरेना विल्यम्सचं. २०१७ साली मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी तिला श्वास लागायला लागला. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला आधी होऊन गेला होता, त्यामुळे काय होतंय हे तिने ओळखलं आणि सीटी स्कॅन व रक्त पातळ करणारं औषध द्या असं स्वतः सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधाने बाई गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी केली, काही सापडलं नाही. अखेर सीटी झाला आणि फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. ही जगातली सर्वांत नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक! २०२३ साली अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३ होते, गोऱ्या मातांचे १४.५.

आणि ताण म्हणजे दर वेळी असं जिवावरचं काही नसतं. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांनी १९९७ मध्ये रोजच्या भेदभावाची प्रश्नावली तयार केली, ती आजही जगभर वापरतात. तिच्यातले प्रश्न अगदी साधे आहेत : हॉटेलात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट सेवा मिळते का? लोक तुम्हाला कमी हुशार समजून बोलतात का? तुम्ही अप्रामाणिक आहात असं गृहीत धरतात का? बॉस्टन विद्यापीठाच्या ‘ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी’मध्ये १९९५ पासून सुमारे ५९,००० कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आयुष्याचा माग ठेवला आहे. त्यात असे अनुभव जास्त सांगणाऱ्या स्त्रियांचं वजन वर्षानुवर्षं जास्त वाढलेलं आढळलं. एकामुळेच दुसरं झालं हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, पण दिशा तीच.

मग ताटात काय असतं? इथेही एक साचा बसलेला आहे : तळलेलं चिकन आणि कलिंगड. टिंगल करणारी चित्रं, विनोद, पोस्टकार्डं, सगळीकडे तेच. त्यामुळे आजही काही जणी ऑफिसच्या जेवणात मुद्दाम चिकनला हात लावत नाहीत. स्वतःचं आवडतं अन्न चारचौघांत खायची चोरी आणि घरी एकटीने खाल्लं की अपराध!

खरं तर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकाचा, म्हणजे ‘सोल फूड’चा पाया आपल्याला परका वाटणार नाही. चवळी, भेंडी, रताळ्याचे प्रकार, मक्याची भाकरीसारखी पोळी, कोलार्ड नावाची कोबीच्या कुळातली जाड पालेभाजी. चवळी आणि भेंडी आफ्रिकेतूनच तिकडे गेल्या. गुलामांना आठवड्याला मोजून मिळायचं ते मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस. बाकी परसात पिकवायचं, मासे धरायचे. तळणं, खारवलेलं मांस घालून भाजी शिजवणं, हे त्या तुटपुंज्या शिध्याला चव आणायचे मार्ग होते. दिवसभर शेतात राबणाऱ्या शरीराला ते चाललंही. पुढे १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले. परसदार मागे राहिलं. तळण बरोबर आलं.

शहरात काय मिळालं याचीही एक गोष्ट आहे. बँका आणि सरकारी यंत्रणांनी १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगाने वेगळ्या काढल्या, तिथे घरकर्ज मिळेना. नंतर गोरे लोक उपनगरांत गेले तशी मोठी किराणा दुकानंही त्यांच्यामागे गेली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरं पेटली, आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘कृष्णवर्णीयांच्या हाती धंदा’ या नावाखाली फास्ट फूडच्या शाखांना सरकारी पाठबळाची कर्जं मिळाली. मॅकडोनाल्ड्सची कृष्णवर्णीय मालक असलेली पहिली शाखा त्याच वर्षी शिकागोत सुरू झाली. वस्तीतल्या लोकांना नोकऱ्या मिळाल्या, अभिमानही वाटला. आणि चौकाचौकात रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं अन्न एकाच प्रकारचं झालं.

म्हणून ‘खाणं कारणीभूत आहे की ताण’ हा वाद मला पोकळ वाटतो. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की कृष्णवर्णीय लोकांत जास्त आढळणाऱ्या रक्तदाबामागे तळण, प्रक्रिया केलेलं मांस आणि गोड पेयं असलेल्या ‘दक्षिणी’ आहाराचा वाटा मोठा आहे. स्त्रियांमध्ये त्याच्या जोडीला वजन आणि कंबरेचा घेर. आहार कारणीभूत आहेच. पण तो आहार हवेतून आलेला नाही.

आता डॉक्टरांकडे वळू. साच्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते मला वाटतं इथेच.

खाण्याचे मानसिक आजार म्हटले की डोळ्यांसमोर येते सडपातळ, गोरी, खात्यापित्या घरातली तरुण मुलगी. कृष्णवर्णीय स्त्रियांबद्दल समज असा की त्यांना आपल्या भरलेल्या शरीराचा अभिमान असतो, त्यांना असलं काही होत नाही. प्रत्यक्षात आवर न राहता एका बैठकीत भरमसाट खाण्याचा विकार, ज्याला ‘बिंज ईटिंग’ म्हणतात आणि ज्याला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत स्वतंत्र स्थान २०१३ मध्ये मिळालं, तो कृष्णवर्णीय स्त्रियांमध्येही गोऱ्या स्त्रियांइतकाच आढळतो. उपचार मात्र कमी जणींना मिळतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसोपचार करणाऱ्यांना एका मुलीची रोजनिशी वाचायला दिली, तीत तिच्या खाण्याच्या विस्कटलेल्या सवयी होत्या. मजकूर तोच, फक्त काहींना ती मुलगी गोरी सांगितली, काहींना लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची), काहींना कृष्णवर्णीय. गोऱ्या मुलीच्या वागण्यात ४४ टक्क्यांना काळजीचं कारण दिसलं, लॅटिनो मुलीच्या ४१ टक्क्यांना, कृष्णवर्णीय मुलीच्या फक्त १७ टक्क्यांना. ही शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली माणसं होती!

म्हणजे बाई तपासणीला जाते तेव्हा तिचं वजन दिसतं आणि विकार दिसत नाही. ‘वजन कमी करा’ म्हणून चिठ्ठी मिळते. ती घरी येऊन कडक उपाशी राहते, चार दिवसांनी बांध फुटतो, आणि पुढच्या वेळी फाइलवर ‘सूचना पाळत नाही’ असा शेरा. अमेरिकेत दवाखान्यांत काम करणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. हा शेरा त्यांनीही वाचला असेल, कदाचित लिहिलाही असेल.

व्यायामाचंही तसंच. ‘चालत जा, पोहा’ सांगणं सोपं. नॉर्थ कॅरोलिनातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना विचारलं (हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला), तर सुमारे ४० टक्के म्हणाल्या की केसांमुळे कधी ना कधी व्यायाम टाळला आहे. हसू येईल, पण हिशेब मांडा. नैसर्गिक कुरळे केस कचेरीत ‘अव्यवस्थित’ ठरतात, म्हणून ते सरळ करायचे. पार्लरमध्ये तासन्‌तास बसायचं, मोठी रक्कम मोजायची. आणि घाम आला की सगळं पुन्हा मूळपदावर. केसांच्या ठेवणीवरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही असा कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, तेही २०१९ मध्ये. दहा मिनिटांच्या धावण्याआड केवढं काय उभं आहे!

इथे थोडा ब्रेक लावतो, कारण या विषयात सोपी गोष्ट सांगायचा मोह मोठा आहे. ‘साच्याची धास्ती’ या कल्पनेवर १९९५ पासून पुष्कळ लिहिलं गेलं : आपल्या गटाबद्दलचा साचा खरा ठरेल या भीतीने माणसाची कामगिरी ढासळते, संयम सुटतो, तो जास्त खातो, वगैरे. त्यातले काही गाजलेले निष्कर्ष मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासले तेव्हा बरेच फिके पडले. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या अर्ध्या तासावरून आयुष्याचे निष्कर्ष काढू नयेत. वर्षानुवर्षं मोजलेला रक्तदाब आणि वजन यांवर मी जास्त भरवसा ठेवतो.

खंबीरपणाही सरसकट वाईट नाही. अमानी अ‍ॅलन यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या २०८ कृष्णवर्णीय स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. सुपरवुमनच्या पाच पैलूंपैकी कोणता शरीराला किती भोवतो हे त्यांनी वेगवेगळं पाहिलं. निकाल अनपेक्षित. भेदभाव सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये खंबीर दिसणं आणि भावना आवरणं यांनी उलट थोडं संरक्षण दिलं. भोवलं ते काय, तर काहीही करून यश मिळवायचा अट्टहास आणि सगळ्यांच्या मदतीला धावायची सक्ती. म्हणजे ‘मोकळेपणाने रडा’ हा सल्ला प्रत्येकीला उपयोगी पडेलच असं नाही. जिथे रडलं तर नोकरी जाते तिथे न रडणं ही अक्कल आहे. तिच्या डोक्यावरची कामं कमी करणं हा उपाय बहुधा जास्त लागू पडेल, पण तो आजूबाजूच्यांनी करायचा असतो.

या बायका नुसत्या बसून राहिलेल्या नाहीत. आरोग्य कार्यकर्त्या बायली एव्हरी यांनी १९८३ मध्ये अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. त्यातून उभ्या राहिलेल्या गटांचं मुख्य काम काय होतं? गोल बसून खरं बोलणं. ‘गर्लट्रेक’ नावाच्या संघटनेने गेल्या दशकात लाखो कृष्णवर्णीय स्त्रियांना आपापल्या गल्लीत, मैत्रिणींबरोबर रोज चालायला बाहेर काढलं.

दवाखान्याच्या बाजूने पाहिलं तर वजन घटवण्याचे नेहमीचे कार्यक्रम कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये कमी यशस्वी ठरतात. मधुमेह टाळण्याच्या अमेरिकेतल्या गाजलेल्या मोठ्या चाचणीतही त्यांचं वजन इतरांपेक्षा कमीच उतरलं. ड्यूक विद्यापीठाच्या गॅरी बेनेट यांनी मग लक्ष्यच बदललं. नॉर्थ कॅरोलिनातल्या सरकारी मदतीच्या दवाखान्यांत येणाऱ्या, वजन थोडं जास्त असलेल्या १९४ तरुण कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यांनी ‘वजन कमी करा’ असं सांगितलंच नाही. सांगितलं एवढंच : आहे ते वाढू देऊ नका. आठवड्याला छोटी छोटी उद्दिष्टं, स्वयंचलित फोन, महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञाशी बोलणं. वर्षाअखेर या गटाचं वजन सरासरी एक किलोने उतरलं होतं, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाचं अर्ध्या किलोने वाढलं होतं. काट्यावर फार काही नाही. पण त्याच स्त्रियांचं नैराश्य तपासलं तेव्हा पहिल्या गटात ते ११ टक्के जणींमध्ये निघालं आणि दुसऱ्या गटात १९ टक्के जणींमध्ये, आणि हा फरक वजन कोणाचं किती उतरलं यावर अवलंबून नव्हता.